रोज नव्याने शिकणारी गाडी

त्या गाडीत बसून दार ओढून घेतलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा. मला गाड्यांमधलं फारसं काही कळत नाही, पण एवढं कळायचं. थंडीतल्या सकाळी पळसदरीच्या धरणावरचं धुकं रस्त्यापर्यंत उतरलेलं असायचं, वालाच्या शेतांवर दव असायचं, आणि गाडी पुढे चालली आहे की धुकंच मागे सरकतंय हे काही क्षण समजायचं नाही. रस्त्याकडेला दोन बायका हातवारे करून भांडत असायच्या, पण त्यांचं भांडण आमच्यापर्यंत पोचायचं नाही. कुणाच्या तरी परसात आदल्या दिवशी वालाच्या शेंगा मडक्यात भाजून केलेल्या पोपटीची राख असायची आणि त्या राखेत कोंबड्या काहीतरी टोचत असायच्या. हे सगळं मुक्यानं. मला त्या गाडीत हमखास डुलकी लागायची. घरी अंथरुणावर नुसती कूस बदलत पडणारी मी, पळसदरी ते खालापूर एवढ्या वाटेत गाढ झोपायचे आणि माझ्या कचेरीसमोर बाबांनी खांद्याला हात लावला की जागी व्हायचे.

गाडी बाबांची होती, असं म्हणायला गावाला अजून जड जायचं. बाबा चाळीस-बेचाळीस वर्षं ड्रायव्हर होते. आधी टेंपो, मग जीप, आणि शेवटची बरीच वर्षं पळसदरीच्या एका बंगल्यातल्या बाईंची ही मोठी जर्मन गाडी. बाई मुलांकडे परदेशात कायमच्या गेल्या, बंगला विकला, आणि जाताना गाडीचे कागद बाबांच्या नावावर करून गेल्या. गाडी तोवर म्हातारी झाली होती. विकायला काढली असती तर भंगारवाल्याशिवाय कुणी विचारलं नसतं, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं. माझा स्वभाव मुळात तुसडा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे माझा सगळा तुसडेपणा एकट्या बाबांच्या वाट्याला यायचा आणि ते तो मुकाट्यानं घ्यायचे. दर पौर्णिमेला विहारात जाताना शेजारच्या दोन म्हाताऱ्या मागच्या सीटवर पांढऱ्या साड्या सावरून बसायच्या आणि "काय गं, आमी मंत्री झालो का?" असं एकमेकींना विचारून हसायच्या. तेवढ्यासाठी मला ती गाडी आवडायला लागली होती.

गाडीचं बिनसलं ते दिवाळीनंतर. सकाळी किल्ली फिरवली की समोर बॅटरीचं लाल चिन्ह लागायचं. थोडं पुढे गेलं की विझायचं, खड्ड्यात चाक आदळलं की पुन्हा लागायचं. मग त्याच्या जोडीला गिअरबॉक्स तपासून घ्या, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर यायला लागला. गाडी ऑटोमॅटिक, गिअर आपले आपण बदलणारी. पूर्वी ते कधी बदलले हे कळायचंही नाही, आता पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. माझी झोप मोडायची. कधीकधी तर गाडी एकाच गिअरमध्ये हटून बसायची. इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. रस्त्याकडेला उभी करून बंद केली, दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नाही अशी निघायची.

कर्जतच्या एका मेकॅनिकनं चाक न फिरवता, बॉनेट न उघडता, नुसतं ऐकूनच गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. तो खाली उतरवावा लागेल आणि उतरवल्यावर बसेलच असं नाही, असंही म्हणाला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि आम्ही गाडी परत घेऊन आलो. खालापूरच्या दुसऱ्यानं बॅटरी बदला म्हणून सांगितलं. मी कचेरीत असताना त्यानं बदलली. दोन दिवस दिवा लागला नाही, तिसऱ्या दिवशी लाल चिन्ह पुन्हा हजर. त्यानं मग संगणकाची पेटी आणून गाडीला जोडली. तिनं अकरा चुका दाखवल्या. एका गाडीत अकरा चुका कशा असतील, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की पेटी खोटं बोलत नाही. अकराही पुसून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या.

या सगळ्यात बाबा गप्प होते. गाडी कशी वागते हे विचारलं तर नीट सांगायचे, स्वतःहून काही बोलायचे नाहीत. सकाळी निघताना मात्र दोन मिनिटं जास्त लावायचे. आधी आरशात बघायचे, मग ब्रेकवर पाय ठेवायचे, मग काढायचे, पुन्हा ठेवायचे. त्यांचा पाय चाचपडतोय, असं मला वाटायला लागलं. पंचाहत्तरी जवळ आली होती. वर्तमानपत्र हल्ली हात लांब करून वाचायचे. मनात एकदा शंका शिरली की तिला खायला घालायला कितीतरी गोष्टी मिळतात, मीही घालत गेले.

आणि एकदा चौक गावाच्या अलीकडे, चढावर, गाडी तशीच हटून बसली. मागे टँकर होता. त्याचा हॉर्न त्या बंद काचांमधूनही आत आला, इतका जवळ. बाबांनी शांतपणे गाडी डावीकडे घेतली, टँकर निघून गेला, धुकं पुन्हा मिटलं. मी मात्र घाबरले होते आणि त्या भीतीचा सगळा राग मी बाबांवर काढला. "जमत नसेल तर सांगत जा ना!" असं मी म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली.

लोधिवलीला, जुन्या हायवेवर, एका इलेक्ट्रिशियनचं नाव कुणीतरी सुचवलं. ट्रकांच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस, केस कानाशी पिकलेले. त्यानं आम्हाला दोघांना बाहेर उभं केलं आणि स्वतः किल्ली अर्धी फिरवून, डोळे मिटून गाडीत बसला. पाच मिनिटं बसला. मला वाटलं, याचीही झोप लागली. मग उतरला, मागची सीट उचलली आणि मला पहिल्यांदाच कळलं की या गाडीची बॅटरी पुढे नाही, मागच्या सीटखाली असते. पौर्णिमेला आमच्या म्हाताऱ्या तिच्यावर बसून विहारात जात होत्या तर. त्यानं मीटरच्या दोन काड्या लावल्या. बंद गाडीत बारा पॉइंट सहा व्होल्ट. चालू केल्यावर चौदाच्या वर.

"बॅटरी चांगली हाय, बॅटरी भरनारा आल्टरनेटर बी चांगला हाय," तो म्हणाला, आणि मग बॉनेटवर हात ठेवून थेट गाडीलाच म्हणाला, "मंग दिवा कशापायी लावतीस गं?"

तीन दिवस गाडी त्याच्याकडे राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही आणायला गेलो तेव्हा तो खूश होता. बॅटरीला वायर जोडणारं एक टर्मिनल जरा सैल होतं, तेवढं आवळलं, बाकी कशाला हात लावला नाही, म्हणाला. स्वतः रोज पनवेलपर्यंत नेऊन आणली होती, एकदाही दिवा नाही, धक्का नाही. बाबा म्हणाले, "बरं केलंस." येताना त्यांनीच चालवली. दुपारची वेळ होती, ऊन पिवळं आणि सुस्त. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खोडं, वीटभट्ट्यांवरून वर जाणारा सरळ धूर. गिअर कधी बदलले ते समजलं नाही. मी लोधिवलीपासून घरापर्यंत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फाटकातून बाहेर पडता पडता, धक्का बसला. गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात लाल चिन्ह लागलं.

मी कचेरीत पोचल्या पोचल्या लोधिवलीला फोन लावला. तो अडखळत म्हणाला, "ताई, राग नका मानू. माज्याकडं तीन दिवस लोण्यावानी चालली. बाबांचं वय बी झालंय. कवाकवा पाय आपला आपल्याला कळत नाय." मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. मला जे बोलायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाबांकडे चावी मागितली. काय काय बोलायचं ते बसमध्ये घोकून आले होते. वय, डोळे, टँकर, उद्या कुणाला काही झालं तर. त्यातलं काहीच लागलं नाही. "आता तुम्ही चालवू नका बाबा. तुमच्या पायाला जमत नाही," एवढंच मी म्हणाले आणि हात पुढे केला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढली, तिची साखळी दुरुस्त केली, आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझ्याशी वाद घालतील, निदान रुसतील, असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "चहा टाकू का गं?"

नंतरचे दिवस विचित्र गेले. मी बसनं जायचे, बाबा अंगणात बसून असायचे. गाडी करंजाच्या झाडाखाली उभी, तिच्यावर पानं पडायची आणि ते ती उचलायचे. गावातली दोन-तीन माणसं विचारून गेली, गाडी काढत नाय काय? बाबा म्हणायचे, "लेक नाय म्हनते." त्यात तक्रार नसायची. रोज सकाळी मी निघायच्या आधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते चावी मागायचे. "पाच मिनटं दे गं, लगेच देतो." मी द्यायचे. ते गाडीकडे जायचे आणि खरोखर पाच मिनिटांत चावी परत आणून द्यायचे. मला वाटायचं, आत जाऊन बसत असतील, स्टिअरिंगला हात लावत असतील. म्हटलं बसू देत. मी मुद्दाम तिकडे बघायचे नाही, कारण बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

एके संध्याकाळी बघितलं. डोंगराची सावली अंगणापर्यंत आली होती, वर आभाळ अजून उजेडाचं होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती गाडी अर्धी पाण्यात असल्यासारखी दिसत होती. मागचं दार उघडं होतं. बाबा आत गुडघ्यांवर वाकलेले, डोकं सीटच्याही खाली, खांदे हलताहेत. मी चपला न घालता धावले.

"बाबा, काय झालं?"

त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. हातात दहा नंबरचा पाना होता. सीट उचललेली, बॅटरीची काळी वायर बाजूला काढून तिच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं.

"काय व्हनार? गाडी निजवतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वायर काढतोय. सकाळी लावायची, गाडी निघो न निघो. रोजचं काम हाय, तुला ठाव नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्या गाडीत रोज झोपत होते आणि ती कशी झोपते हे मला ठाऊक नव्हतं. तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर बसून, त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी त्यांच्या ताब्यात पेंढ्याचा टेंपो होता. एकदा भर दुपारी मालकाच्या अंगणात भरलेला टेंपो उभा करून ते झाडाखाली आडवे झाले. उभ्या गाडीत कुठेतरी वायर वायरीला लागली आणि पेंढ्यानं पेट घेतला. उठून बघेपर्यंत सांगाडा उरला होता. मालक ओरडला नाही. "वायर काढून ठेवली असतीस तर," एवढंच बोलला. त्या दिवसापासून बाबांनी हाती आलेली कुठलीही गाडी बॅटरीची वायर काढल्याशिवाय उभी केली नाही. फक्त बाईंच्या या गाडीला तेव्हा हात लावायची परवानगी नव्हती. कंपनीची माणसं येऊन बघायची. गाडी आपली झाली तरी बॅटरी कुठे असते हे सापडत नव्हतं, यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत त्यांना ती सीटखाली सापडली, आणि तेव्हापासून त्यांना स्वस्थ झोप लागायला लागली होती.

"इतक्या जणांना गाडी दाखवली, तुम्ही सांगितलं का नाही हे?"

"कुनी इचारलं? जेवल्यावर हात धुतो, ते काय सांगत बसायचं का?"

मी तिथूनच लोधिवलीला फोन लावला. इलेक्ट्रिशियननं ऐकून घेतलं आणि पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मग त्यानं मला न चिडता समजावलं. गाडीतलं घड्याळ सकाळी किती वाजल्याचं दाखवतं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काहीच्या बाही दाखवतं, बाबांना लावता येत नसेल. तो म्हणाला, "तेच तर! वायर काढली की ती सगळं इसरते. घड्याळ इसरते, तसा गिअर बी इसरते." या गाड्यांचा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय शिकतो, म्हणाला. कधी दाबतो, किती दाबतो, हे लक्षात ठेवून त्याप्रमाणे गिअर टाकतो. वायर काढली की शिकलेलं पुसलं जातं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात रोज काढून-लावून टर्मिनल झिजून सैल झालेलं, खड्ड्यात त्याचा संपर्क सुटायचा, तेवढ्यापुरता दिवा लागायचा, आणि वीज डळमळली की गिअरबॉक्स घाबरून एकाच गिअरला धरून बसायचा. त्याच्याकडे तीन दिवस वायर निघाली नव्हती, म्हणून गाडी शहाण्यासारखी चालली. "चूक माजी, ताई. टर्मिनल सैल कशानं झालं, ते इचारायला पायजे हुतं. मी त्या बिचाऱ्याच्या वयावर गेलो," तो म्हणाला. त्यानं कबूल केलं ते बरं वाटलं, आणि आपण अजून केलेलं नाही, हे टोचलं.

बाबांना सांगितल्यावर ते खूश होतील, असं मला वाटलं होतं. ते हातातल्या पान्याकडे बघत राहिले. "म्हंजे मीच तिला बिघडवत हुतो," म्हणाले. मी नाही-नाही करत राहिले, पण त्याला काही अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी लोधिवलीहून नवं टर्मिनल घेऊन तो माणूस स्वतः आला, बसवून गेला, वायरी एकूण एक तपासून, यातून आग लागायची नाही, अशी खात्री बाबांना तीनदा दिली. बाबांनी तिन्ही वेळा मान हलवली. संध्याकाळी त्यांनी वायर काढली नाही. पाण्याच्या दोन बादल्या भरून मात्र गाडीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.

चावी मी त्यांच्या उशाशी ठेवली, हातात द्यायचं धाडस झालं नाही. मग रोज सकाळी, कचेरीच्या आधी, आम्ही दोघं गाडी घेऊन निघायला लागलो, कुठेही जायचं नसताना. सावकाश, एकसारख्या पायानं चालवा, म्हणजे ती शिकेल, असं इलेक्ट्रिशियननं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी धक्के होते. दुसऱ्या दिवशी ते जणू दूरवरून येत होते. धरणाच्या बाजूनं, स्टेशनकडे, पुन्हा मागे. धुक्यात कधी बगळा दिसायचा, कधी नुसता पांढरा ठिपका. बाबा काही बोलायचे नाहीत, तिला शिकवताना त्यांना बोललेलं चालायचं नाही. मी यात एकदाही झोपले नाही.

चौथ्या दिवशी गाडी इतकी मऊ चालली की आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो होतो. दिवा नाही, मजकूर नाही. बाबांनी धरणाच्या भिंतीशी ती थांबवली आणि बंद केली. बाहेर पाणी होतं, पण त्याचा आवाज नव्हता. इतके दिवस विचारायचं राहिलेलं मला तिथे विचारता आलं.

"बाबा, पाय ठीक आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"ठाव हुतं."

"मग मी चावी मागितली तेव्हा बोलला का नाहीत?"

ते समोरच्या काचेवरचं दव बघत म्हणाले, "पाय म्हनत हुता, काय झालं नाय. तू म्हनत हुतीस, जमत नाय. मला वाटलं, माजी लेक म्हनते म्हंजे नीट बघूनच म्हनत असल. पायाचं खोटं धरलं आनि तुजं खरं धरलं."

मी नीट बघितलं नव्हतं. मी काहीच बघितलं नव्हतं, फक्त घाबरले होते, आणि हे मी त्यांना तिथे, त्या बंद गाडीत बसून, शब्द चाचपडत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "हां" म्हणाले आणि किल्ली फिरवली.